पान पांढरं असताना

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, आजीचे पोटभर आशीर्वाद.

पत्र लिहायला बसले आणि आधी हसूच आलं. अगं, काल मी तुझी वेबसाइट उघडली. म्हणजे फोन धरला होता खालच्या किल्लीवाल्यांनी, पण बोट माझं होतं. वर डोळ्यांच्या दवाखान्याचं नाव आणि खाली तुझी ती अक्षरं. मी म्हटलं, "हे माझ्या नातीनं केलंय." किल्लीवाले म्हणाले, "काय, दवाखाना?" मी म्हटलं, "दवाखाना नाही हो, दवाखान्याचं तोंड." तर म्हणतात, "तोंड जरा फिकट आहे." त्यांना काय कळतंय. जन्म गेला कुलपांत काड्या घालण्यात.

किती नाजूक अक्षरं काढलीस गं. सायीवर केस पडावा तशी. दुकानांच्या पाट्यांसारखी अंगावर धावून येत नाहीत. उलट आपणच त्यांच्यापाशी जायचं, अजून जायचं, नाक टेकेपर्यंत जायचं. लाजाळू आहेत. घरंदाज वाटतात.

आणि उघडताना गंमत होते ती तू मुद्दाम केलीयस का? पान आधी कोरं पांढरं येतं. मला वाटलं फोन गेला. मी इथं तिथं बोट लावून बघितलं, आणि मग हळूहळू अक्षरं उगवली. मागच्या महिन्यात एकटीनं उघडली तेव्हाही तसंच. दवाखान्याचा निरोप येतो ना फोनवर, त्याला बोट लावलं की उघडतं. मी डोळ्यांत थेंब घालते रोज, त्याचंच काहीतरी असेल. वयाचं आहे सगळं, तू मनावर घेऊ नकोस.

बाकी मी ठणठणीत. फक्त कपाटाचं दार आणि माझा उजवा खांदा यांचं काय वैर आहे कळत नाही, रोज भेटतात. किल्लीवाले म्हणाले, दार काढूनच ठेवतो. मी म्हटलं, मग आतल्या साड्यांना लाज वाटेल.

तुझ्या बापाचा रविवारी फोन येतो. तूही करतेस, पण तू फोनवर नुसतं "हं" म्हणतेस. म्हणून पत्र. पत्रात "हं" लिहायला माणसाला लाज वाटते. माझी शाळा दुसरीपर्यंत, तीही अर्धी, तरी मी दोन पानं भरते. तू तर शिकलेली.

उलट टपाली लिही.

तुझी आजी


१२ फेब्रुवारी

आजीस,

पत्र मिळालं. "हं" लिहिणार नाही.

मी बरी आहे. वेळेवर उठते, जेवते, कामावर जाते. कुणी काही विचारलं तर उत्तर देते. विनोद झाला की कळतं की विनोद झाला. एवढंच. कधीपासून असं झालंय ते सांगता येणार नाही. कुणी मेलं नाही, कुणी सोडून गेलं नाही. दात काढताना डॉक्टर सुई देतात आणि मग गाल आपला राहत नाही, तसं आहे. दुखत नाही.

तू वेबसाइट पाहिलीस हे वाचलं. तिचंच काम सध्या करते आहे. तक्रार आली आहे.

दवाखान्याकडून आलेल्या कागदावर रुग्णाचं नाव नाही, फक्त वय. बाई, शहात्तर. तुझ्याच वयाची. तिला काचबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. ती दोनदा आपोआप रद्द झाली, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या वेळी ती ठरल्या दिवशी दवाखान्यात गेली, तर यादीत नावच नाही. बरोबरच्या माणसानं खिडकीवर भांडण केलं आणि तक्रार लिहून दिली.

आपोआप नाही रद्द झाली. मी तपासलं. ती नाजूक अक्षरं फोनमध्ये नसतात, ती लांबून मागवावी लागतात. येईपर्यंत पान पांढरं दिसतं. चांगल्या फोनवर हे कळतही नाही. जुन्या फोनवर पाच-सहा सेकंद जातात. पण पान पांढरं असताना बटणं तिथंच असतात, आणि दाबली तर दाबली जातात. "तारीख रद्द करा" हे बटण मधोमध आहे. "नक्की रद्द करायची का?" असं विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण तो प्रश्न त्या पानावर बरा दिसत नव्हता.

अक्षरं मी निवडली होती. करडा रंगही मीच. तेव्हा कौतुक झालं होतं.

डॉक्टरीणबाईंनी खाली लिहिलंय की या आजारात गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली राखता येते, आणि या बाईचे दोन महिने वाया गेले. मी ते वाचलं. मग जेवणाची वेळ झाली म्हणून जेवले. आजी, मला काहीच वाटलं नाही. हे कुणाला तरी सांगायचं होतं.

साहेब म्हणतात, तक्रार खरी ठरली तर दवाखाना काम काढून घेईल, आणि मग माझंही बघावं लागेल. त्यांनी ते नीट, शांतपणे सांगितलं. मीही नीट ऐकलं.

एक काम कर. वेबसाइट पुन्हा उघड आणि तुला काय दिसतं, काय दिसत नाही, ते लिही. माझ्या ओळखीत त्या वयाची तूच आहेस.

भिंगरी


१८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा खिडकीशी आणि एकदा दाराशी. छान लिहितेस गं. सुईची गोष्ट तर अगदी पटली. मी दाढ काढली तेव्हा गाल चावला होता आणि घरी येईपर्यंत पत्ताच नव्हता.

आता त्या बाईचं. असेल कुणी वेंधळी. शहात्तरची झाली म्हणजे शहाणी झाली असं थोडंच आहे? पांढरं पान दिसलं तर हाताची घडी घालून बसावं माणसानं, टोचायला काय ती भाकरी आहे भाजली का बघायला? आणि बरोबरचा तो भांडकुदळ माणूस. लोकांना दुसऱ्याच्या डोळ्यांचा भारी पुळका. तू त्यांचं काही मनावर घेऊ नकोस. बाईनं आपल्या करणीनं घालवली तारीख, दुसरी मिळेल.

तू म्हणालीस म्हणून मी उघडून बघितली. मला सगळं दिसतं. लख्ख. वरपासून खालपर्यंत. हे तू साहेबांना सांगितलंस तरी चालेल.

साहेब वयानं केवढे आहेत? घरी कोणी म्हातारं माणूस आहे का त्यांच्या? सहज विचारते.

तुला धुलाईघरातली एक गोष्ट सांगितली होती का? सांगितली असली तर परत ऐक, पत्र फुकट जात नाही. मी दवाखान्याच्या धुलाईघरात खुणा शिवायचे ना, चादरीच्या कोपऱ्यावर आकडा, कुठल्या खोलीची ती कळायला. लाल दोरा, जाड टाका. ओली चादर पिळताना वाफेत काही दिसायचं नाही, तर बाया अंगठ्यानं चाचपून सांगायच्या, ही बाराची, ही सातची. मी आकडे तिथंच पक्के शिकले. मग एक नवी मुकादमीण आली. हौशी बाई. तिला लाल टाके गावठी वाटले. म्हणाली, पांढऱ्यावर पांढरा दोरा घाला, बारीक, किती शोभून दिसेल. आणि दिसलंच शोभून. मी स्वतः शिवलं, माझा हात फार चांगला होता. आठ दिवसांत ऑपरेशनच्या खोलीतल्या चादरी स्वयंपाक्यांच्या खोलीत आणि स्वयंपाक्यांच्या ऑपरेशनच्या खोलीत. मुकादमीण आम्हालाच बोलली, तुम्हाला दिसत नाही का? आम्ही म्हटलं, दिसतं की बाई, किती सुंदर आहे.

हे का सांगायला घेतलं होतं ते विसरले. जाऊ दे.

तुला काही वाटत नाही म्हणतेस, तर नको वाटू दे. वाटून घेण्याची घाई काय आहे? पण नोकरीचं नीट बघ. माझी चिंता करू नकोस, माझं उत्तम चाललंय. कपाटाचं दार किल्लीवाल्यांनी काढलं.

तुझी आजी


२५ फेब्रुवारी

आजीस,

पत्र पोचलं. धुलाईघराची गोष्ट आधी ऐकली नव्हती.

काम असं झालं आहे. आता मागवलेली अक्षरं येईपर्यंत फोनमधली साधी अक्षरं दिसतात. पान क्षणभरही पांढरं राहत नाही. मागून नाजूक अक्षरं आली की ओळी थोड्या हलतात, तेवढं चालेल. रद्द करायचं बटण खाली नेलं आणि ते आता आधी प्रश्न विचारतं.

ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांचा फोन पान वाचून दाखवतो. मी तसा लावून, डोळे मिटून बसले. पहिल्या पानावर फोन म्हणाला, "बटण. बटण. चित्र. बटण." कुठल्या बटणानं काय होतं ते मी लिहिलंच नव्हतं. तेव्हा घाई होती. मी बराच वेळ डोळे मिटून ते ऐकत बसले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, झोप लागली का? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मग चहा गार झाला तो. मी गारच प्यायले. गार आणि गरम यात फारसा फरक वाटला नाही.

आता प्रत्येक बटणाला काम लिहून दिलं आहे. उरला रंग. करड्याचा काळा करायचा आहे आणि अक्षरांची जाडी वाढवायची आहे. पण ते दवाखान्याच्या सगळ्या पानांवर, पाट्यांवर, कागदांवर आहे. खर्चिक काम आहे, म्हणून साहेब थांबलेत.

तुझं पत्र मी त्यांना दाखवलं. "मला सगळं दिसतं. लख्ख." त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाले, बघा, शहात्तर वर्षांच्या बाईंना दिसतंय, मग रंग राहू दे. त्यांच्या घरी म्हातारं माणूस नाही. मी विचारलं.

त्या बाईला नवी तारीख अजून मिळालेली नाही. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत तिचा कागद बाजूला ठेवलाय, असं दवाखान्यातून कळलं. अशी पद्धत आहे.

भिंगरी


४ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

अगं, माझं वाक्य साहेबांनी दोनदा वाचलं? दुसरी नापास बाईचं? मी किल्लीवाल्यांना सांगितलं, तर ते परत कुलपाकडे वळले. हल्ली ते माझ्याशी कमी बोलतात. त्यांना वाटतं मी हट्टी आहे. आता हट्ट या वयात नाही करायचा तर कधी करायचा, दात पडल्यावर? तेही पडले.

कागद बाजूला ठेवतात हे मला माहीत नव्हतं. पण काही बिघडत नाही. तक्रारच राहिली नाही तर कागद आपोआप सरकेल, नाही का? तुझ्यावरचं बालंटही जाईल. एका दगडात दोन पक्षी. माझं मन मला सांगतं आहे की आठवड्याभरात तुला चांगली बातमी कळेल. कशी ते विचारू नकोस. म्हातारीला स्वप्नं पडतात.

परवा मी एका कामाला बाहेर गेले होते. एकटी. दोन बस बदलल्या. पहिल्या बसचा आकडा एका शाळकरी पोरीनं वाचून दाखवला, दुसऱ्या बसच्या वेळी मीच दहा जणांच्या मागे चढले, म्हटलं इतके लोक चुकीच्या बसमध्ये कशाला चढतील. बरोबर निघाली. उजवीकडून एक सायकलवाला कुठून उगवला देव जाणे, घंटा वाजवून माझ्यावरच ओरडला. मी म्हटलं, बाबा, तू आलास तेव्हा मी इथंच होते.

काम फत्ते झालं. आता तू निवांत राहा. आणि ती अक्षरं काळी करू नकोस, माझं ऐक. केवढ्या हौसेनं काढलीस. लोकांना काय, उद्या म्हणतील चंद्र फिकट आहे, त्याला काजळ लावा.

तुझी आजी


११ मार्च

आजीस,

काल दवाखान्याचं पत्र आलं. जसंच्या तसं उतरवते.

"तक्रारदार बाई स्वतः खिडकीवर आल्या आणि तक्रार मागे घेतली. त्यांचं म्हणणं असं की चूक त्यांचीच आहे. वेबसाइट चंद्रासारखी आहे. ती करणाऱ्या मुलीला बोल लावू नये, तिची तब्येत बरी नसते. सही घेतली आहे."

तुझ्या पत्रातला चंद्र माझ्या पिशवीतच होता.

मग तुझं पहिलं पत्र काढलं. पांढरं पान, इथं तिथं बोट, फोनवर आलेला निरोप, थेंब, कपाटाचं दार, उजवा खांदा. सगळं लिहिलेलं आहे. तू काही लपवलं नव्हतंस, निदान त्या पत्रात. मी ते वाचलं होतं आणि घडी घालून ठेवलं होतं. वर तुलाच कळवलं, की कुणी एक बाई आहे, तुझ्याच वयाची.

हे कळल्यावर मी कप धुतला. धुतलेला होता, परत धुतला. साहेब आले आणि म्हणाले, सुटलात, तक्रार नाही म्हणजे काम बंद करा, रंगाचं तर सोडूनच द्या. मी म्हटलं, ती माझी आजी आहे. ते म्हणाले, मग तर बरंच झालं, घरातल्या घरात मिटलं.

मी तुझ्यावर रागावलेले नाही. रागवावं असं वाटायला हवं, हे कळतं. दवाखान्यात फोन केला. तक्रार मागे घेतली म्हणून तुझा कागद सरकलेला नाही, बंद झालाय. नवी तारीख हवी तर पहिल्यापासून नाव घालावं लागतं. ते मी कालच घातलं आहे. फोनवरून, वेबसाइटवरून नाही. सत्तावीस मार्च, सकाळी आठ. डॉक्टरीणबाई स्वतः बोलल्या. उजव्या डोळ्याचं मी विचारलं. त्या म्हणाल्या, आपण डावा राखू या.

आता मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे. तक्रार. तुझी स्वतःची, खरी. काय दिसत नाही ते सगळं. सही करून. साहेबांना तीच दाखवीन, आणि नाही ऐकलं तर सरळ दवाखान्यात नेऊन देईन. नोकरीचं काय होईल ते होईल. तुझ्यासारखं सुंदर आहे सुंदर आहे म्हणणाऱ्या आणखी किती जणी असतील, त्या लिहिणार नाहीत.

मला कौतुक नको, आजी. ते मला पोचतही नाही सध्या.

सत्तावीसला मी येते आहे.

भिंगरी


१८ मार्च

भिंगरीस,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी किल्लीवाल्यांच्या दुकानात जाऊन अर्धा तास बसले. ते कानशीनं किल्ली घासत होते. मग म्हणाले, "कळलं वाटतं पोरीला." मी म्हटलं, "कळलं." ते म्हणाले, "आता तरी दार परत बसवू का?" मी म्हटलं, "राहू दे, सत्तावीसनंतर बघू."

मला वाटलं होतं मी तुला वाचवते आहे. तुला आधीच कशाचं काही वाटेनासं झालंय, त्यात माझ्या डोळ्यांचं ओझं कशाला. आणि खरं सांगू, दवाखान्याच्या खिडकीवर "माझी नात" म्हणताना इतकं बरं वाटलं की आपण काय करतोय ते सुचलंच नाही. सही करताना रेघ कुठं आहे तेही दिसत नव्हतं. त्या मुलीनं माझं बोट धरून टेकवलं.

तर तक्रार. कशी लिहितात माहीत नाही, मला येतं तसं लिहिते. साहेबांना म्हणावं, शुद्धलेखन सोडून बाकीचं बघा.

तुमची करडी अक्षरं मला दिसत नाहीत. एकही नाही. पान पांढरं असतं आणि नंतरही पांढरंच असतं, जरा मळल्यासारखं. मी अक्षरं उगवली म्हणून लिहिलं होतं, ती किल्लीवाल्यांना उगवली. मला दवाखान्याचं नाव तेवढं दिसलं, ते निळं आहे म्हणून.

वर "आपले स्वागत आहे" असं लिहिलंय, हे त्यांनी वाचून दाखवलं. ते का लिहिलं? माणूस आंधळा व्हायला आलाय, स्वागत कसलं त्यात. तिथं आधी लिहा, तुमची तारीख अमुक, यायचं या दारानं, बरोबर कुणाला तरी आणा. मोठ्या अक्षरांत.

तो फोन नंबर सगळ्यात खाली बारीक घातलाय. तो वर घ्या. ज्याला बाकीचं दिसत नाही त्याला तेवढाच लागतो.

हिरवं म्हणजे झालं आणि लाल म्हणजे नाही झालं असं केलंय. मला दोन्ही सारखीच दिसतात, चहाच्या डागासारखी. शब्दांत सांगा.

फोटोतली म्हातारी हसते आहे. तिला चष्मा नाही. तिचं काय दुखतंय ते कळत नाही. काढून टाका.

आणि अक्षरं सुंदर नाहीत. हे लिहायला मला दोन दिवस लागले. भिंगरी, तू काढलेली अक्षरं सुंदर नाहीत, कारण मी त्यांच्यापाशी गेले, नाक टेकवलं, आणि तिथं कुणी नव्हतं.

सही खाली करते. ही कुणाच्याही सांगण्यावरून नाही, आणि परत घेणार नाही. किल्लीवाले साक्षीदार.

आता तुला. सत्तावीसला ये, सकाळी सहालाच ये, जिना उतरायला मला वेळ लागतो. तुला रडू यायला हवं, धस्स व्हायला हवं, असलं काही मनात आणू नकोस. मलाही येत नाही. त्या डोळ्याचं कळलं त्या दिवशी मी नळ दुरुस्त करून घेतला. वाटायचं ते वाटेल, नाही वाटलं तर नाही. हात मात्र दे. आणि नेहमीसारखी डावीकडून येऊ नकोस, डावीकडचं मला दिसतं. उजवीकडे उभी राहा. तिकडे माणूस लागतं.

आजी